खुंटीचा गुन्हा

“यातली पट्टी कुठं आहे?” आर्मोररनं विचारलं.

ओसरीवर सतरंजी अंथरली होती. सतरंजीवर पाट, पाटावर पांढरं फडकं आणि फडक्यावर अर्जुनरावांचं विलायती रिव्हॉल्व्हर. त्याच्या कुशीवरचं झाकण काढून बाजूला ठेवलं होतं. पोलिसांच्या हत्यारांची देखभाल करणारा हा आर्मोरर बुलढाण्याहून मुद्दाम आला होता. शेजारी जमादार मांडीवर फळी घेऊन पंचनामा लिहीत होते.

“कोनती पट्टी?” अर्जुनराव म्हणाले.

“या खाचेत बसते ती. बारीक असते, अर्ध्या बोटाएवढी, एका टोकाला वाकलेली. हा घोडा आणि पुढची गोळी, यांच्यामध्ये ती उभी असते. तुम्ही चाप ओढला तरच ती खाली सरकते आणि घोड्याला वाट देते. चाप ओढलाच नाही, तर रिव्हॉल्व्हर हातातून पडो की दगडावर आपटो, घोडा गोळीपर्यंत पोचत नाही.” त्यानं रिव्हॉल्व्हर उजेडाकडे धरलं. “इथं ती नाही. म्हणून तर पडल्याबरोबर गोळी सुटली.”

जमादारांचा टाक थांबला. अर्जुनरावांनी एकदा रिव्हॉल्व्हरकडे पाहिलं, एकदा अंगणाकडे पाहिलं आणि मग त्यांचा चेहरा उजळला. सांगायला खोटं सापडलं की त्यांचा चेहरा नेहमीच असा उजळायचा.

“त्यानंच काढली असंल. इंद्रभाननं. नवमीपासून त्याची नजर होती रिव्हॉल्व्हरवर. पट्टी चोरली असंल, दुसरं काय! लिवून घ्या जमादार.”

दाराआड अर्जुनरावांची बायको, सत्यभामाबाई, चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ट्रे तिथंच जमिनीवर ठेवला.

आता त्या पट्टीची हकिगत सांगायला हवी. ती ऐकली की रिव्हॉल्व्हरपेक्षा माणसाचीच भीती वाटायला लागते.

अर्जुनरावांना रिव्हॉल्व्हर कशाला लागत होतं, हे डोणगावात कुणाला कळलं नव्हतं. शिवारात वाघ नव्हता, रस्त्यावर दरोडा नव्हता. रानडुकरं होती, पण ती दिसली की अर्जुनराव सगळ्यांच्या आधी मचाणावर चढायचे. त्यांची कापसाची अडत होती, विहिरीवरचा भाजीपाल्याचा मळा होता. महाराष्ट्र होऊन सहा-सात वर्षं होत आली होती, पंचायत समितीत खुर्च्या मांडल्या गेल्या होत्या आणि त्यातली एक आपल्यासाठीच सुताराकडून करून आणली आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. खुर्चीच्या आधी कमरेला रिव्हॉल्व्हर आलं. ते लावून बाजारातून निघाले की लोक उठून रामराम करायचे. लोक आधीही करायचे, पण अर्जुनरावांना फरक जाणवायचा.

अकोल्याच्या दुकानदारानं देतानाच बजावलं होतं. बाहेरून पुसा, नळीतून ब्रश फिरवा, तेलाचा थेंब सोडा. कुशीवरचं झाकण मात्र उघडू नका. उघडायची वेळ आलीच तर इकडं घेऊन या. एवढं साधं बोलणं. ते पाळायला कुणाचं काय जात होतं?

पण दर वर्षी खंडेनवमी येते. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं आणि अवजारं पूजेला बसतात. अडतीचा तराजू, मळ्यातले विळे, कुऱ्हाड, स्वयंपाकघरातली भाजी चिरायची पावशी, सत्यभामाबाईंचं शिवणयंत्र, आणि या सगळ्यांच्या मधोमध रिव्हॉल्व्हर. अर्जुनराव त्याच्यावर चिमूटचिमूट हळद-कुंकू टाकायचे, वर अक्षता, आणि वर्षभर त्यावरच तेल सोडायचे. तीन-चार नवम्यांचं कुंकू तेलात कालवून आत जाऊन बसलं होतं. यंदा नवमीच्या सकाळी रिव्हॉल्व्हर काढलं, तर गोळ्यांचं चाक फिरेना.

एरवी त्यांनी ते तसंच पूजेला लावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी दसऱ्याला मेहकरचे माणिकराव सोनं द्यायला येणार होते. माणिकरावांच्या खिशात तालुक्याची तिकिटं असायची. त्यांच्या हातात चाक अडकलं तर? अर्जुनरावांनी शिवणयंत्राच्या खणातला पेचकस मागवला, ओसरीवर वर्तमानपत्र पसरलं आणि झाकण उघडलं.

“दुकानदारानं उघडू नोका म्हनलं होतं ना?” सत्यभामाबाई म्हणाल्या.

“त्याले धंदा करा लागते. दर डावाले अकोल्याले गेलो म्हंजे त्याचं पोट भरते.”

पितळेच्या परातीत रॉकेल ओतून त्यांनी सगळे भाग धुतले. लाल चिखल निघाला. ते खूश झाले. मग जोडायला बसले. स्प्रिंग एकदा उडून तुळशीजवळ गेली, एकदा त्यांच्या धोतरात गेली. कपाळावरून घाम गळायला लागला, तोंडातून शिव्या. दुपार कलताना झाकण बसलं. चाक गरगर फिरलं. चाप ओढला की घोडा टक् करून पडायला लागला. अर्जुनरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि आंघोळीला गेले.

परात घासायला घेतली तेव्हा सत्यभामाबाईंना तळाशी ती पट्टी सापडली. काळसर, चपटी, टोकाला वाकलेली. त्या ओल्या हातानं ती घेऊन न्हाणीच्या दाराशी गेल्या.

“अवो, हे राह्यलं वाट्टे.”

“काय राह्यलं?”

“पट्टी. परातीत होती.”

आतून पाणी ओतल्याचा आवाज थांबला. “चाक फिरून राह्यलं ना? घोडा पडून राह्यला ना? मंग ते जास्तीचं असंल. विलायतेतून देतात एखादा तुकडा जास्तीचा, हरपला तर.”

“पन एक डाव उघडून पाहा ना. उगाच कोनी कायले बनवते एवढी बारीक वस्तू?”

“तुले काय समजते व बंदुकीतलं? पावशी समजून राह्यली काय?”

पुन्हा पाणी ओतल्याचा आवाज सुरू झाला.

सत्यभामाबाई माहेरच्या वडनेर भोलजीच्या. परकर सोडून लुगड्यात आल्या आणि लगेच या घरात आल्या. या घरात आजवर त्यांना कुणी काही विचारलं असेल, तर मीठ कुठं आहे, एवढंच. त्यांच्या हातचं पिठलं गावात नावाजलेलं होतं, त्यांनी शिवलेल्या झबल्यांत अर्ध्या आळीची पोरं वाढली होती, मळ्यातल्या बायकांना दुपारी ताक त्याच पोचवायच्या. पण बोललेलं खाली पडावं आणि आपणच ते झाडून घ्यावं, याची त्यांना सवय झाली होती. पट्टी टाकून द्यायला त्यांचा हात धजेना. बंदुकीतली वस्तू, म्हणजे तीही हत्यारच, असा विचार करून त्यांनी ती तराजूशेजारी पूजेत ठेवली. तिला हळद-कुंकू लागलं. दसऱ्याला सकाळी पूजा उतरवली तेव्हा विळे मळ्यात गेले, तराजू दुकानात गेला, गोळ्या भरून रिव्हॉल्व्हर कमरेला गेलं. पट्टीला जायला जागा नव्हती. ती देवाऱ्यात अन्नपूर्णेच्या मूर्तीशेजारी राहिली.

ज्या वस्तूनं माणसाचा जीव वाचायचा, ती वस्तू देव म्हणून बसवली आणि रिव्हॉल्व्हर तिच्यावाचून हिंडायला मोकळं झालं. आपल्याकडे असंच चालतं.

मळ्यातल्या सालदाराचं नाव इंद्रभान. दसरा त्याच्या वस्तीचाही मोठा दिवस. दहा वर्षांमागं याच दसऱ्याला नागपूरला जाऊन त्याच्या घरानं दीक्षा घेतली होती. संध्याकाळी वस्तीत वंदना होती, आणि त्याची बायको बनाबाई हिनं त्याचा पांढरा सदरा आणि धोतर नीळ घालून धुऊन ठेवलं होतं. इंद्रभाननं सकाळीच सुट्टी मागितली. अर्जुनराव म्हणाले, “संध्याकाळी ये, मंग पाहू.” म्हणून तो संध्याकाळी आला. हे लक्षात ठेवायला हवं. तो आला, कारण त्याला ये म्हटलं होतं.

अर्जुनराव शिलंगणाहून परतले होते. माणिकराव आले होते, त्यांची जीप दारात उभी होती आणि सोनं द्यायला आलेलं गाव दारापर्यंत दाटलं होतं. सत्यभामाबाईंनी तबक घेऊन दोघांना ओवाळलं. इंद्रभान अंगणात, पायरीच्या खाली, हात बांधून आपली पाळी येण्याची वाट बघत उभा होता.

“काय अर्जुनराव,” माणिकराव म्हणाले, “लय आयकलं तुमच्या हत्याराचं. दाखवा तं खरं.”

अर्जुनरावांच्या डाव्या मुठीत आपट्याची पानं होती. त्यांनी उजव्या हातानं ऐटीत रिव्हॉल्व्हर ओढलं. ते तेलानं माखलेलं होतं. बोटांतून मासळीसारखं निसटलं आणि पायरीच्या दगडावर मागच्या अंगानं आपटलं.

आवाज एवढा झाला की गोठ्यातल्या बैलानं दावं तोडलं. इंद्रभान ओरडला नाही. तो खाली बसला आणि धोतराकडे बघत राहिला. पांढऱ्या धोतरावर, नडगीजवळ, लाल रंग वाढत चालला होता.

“मालक,” तो म्हणाला, “मले लागलं वाट्टे.”

सत्यभामाबाईंच्या हातातलं तबक पडलं. त्या पायऱ्या उतरून धावल्या, आपल्या पदराचं टोक फाडून त्यांनी त्याचा पाय आवळून बांधला. मग माणिकरावांकडे वळून ओरडल्या, “जीपमंधी टाका याले! मेहकरले न्या लवकर!”

आणि या माणसानं काय करावं? यानं जीपच्या नव्या गाद्यांकडे पाहिलं.

“बाई, जीप माही नाई, पक्षाची आहे. उद्या कोनी विचारलं, रक्त कायचं, तं काय सांगू?”

त्यानं अर्जुनरावांना बाजूला नेलं, कानात काहीतरी सांगितलं आणि जीप धुरळा उडवत निघून गेली. इंद्रभानला बैलगाडीत घातलं. बनाबाई निरोप मिळताच वस्तीतून धावत आली होती, ती गाडीत त्याचा पाय मांडीवर घेऊन बसली. डोणगावहून मेहकर, मेहकरहून पुढं बुलढाणा. पोचेपर्यंत पाय काळा पडला होता. डॉक्टरांनी गुडघ्याखाली कापला. जीपनं नेला असता तर वाचला असता की नाही, ते डॉक्टर जाणोत. पण जीप रिकामी गेली, एवढं सगळ्या डोणगावानं पाहिलं होतं.

माणिकरावांनी कानात काय सांगितलं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

“हे पाय,” अर्जुनराव बायकोला म्हणाले. “रिव्हॉल्व्हर खुंटीवर होतं. इंद्रभान सुट्टीसाठी रागात होता. त्यानं घुसून ते काढलं. म्या दरडावलं तं त्याच्या हातातून पडलं. तुले कोनी विचारलं तं म्हन, मी आत होती, मले काईच माहीत नाई.”

“मी तं तुमाले ओवाळून राह्यली होती. तबक माह्या हातात होतं.”

“तेच सांगून राह्यलो. तबकही आतच होतं.”

“आन त्याचा पाय गेला तं?”

“पायाचं पाहता येईल मंग. लायसन गेलं, तिकीट गेलं, तं काय खाशीन? त्याचा पाय?”

त्या गप्प राहिल्या. त्या गप्प राहिल्या म्हणजे कबूल झाल्या, असं अर्जुनराव आजवर धरत आले होते, आताही त्यांनी तसंच धरलं आणि ठाण्यात तशी फिर्याद दिली. बुलढाण्याच्या दवाखान्यात इंद्रभानच्या खाटेशेजारी एक शिपाई स्टूल टाकून बसवण्यात आला. पाय कापलेला माणूस पळून जाऊ नये म्हणून!

तर आर्मोररनं पट्टी कुठं आहे असं विचारलं आणि अर्जुनराव म्हणाले, चोरली असेल, तो हा दिवस. गोळीचा आळ तर घातलाच होता. आता वर चोरीचा.

सत्यभामाबाई देवाऱ्यापाशी गेल्या. अन्नपूर्णेला हात लावायच्या आधी हात धुवायची त्यांची रीत होती, ती त्या दिवशी त्यांनी पाळली नाही. पट्टी उचलली आणि तशाच ओसरीवर आल्या. पोलिसांपुढं त्या कधी आल्या नव्हत्या. जमादार गडबडून उठायला लागले.

“हे घ्या,” त्या आर्मोररला म्हणाल्या. “हेच होये ना?”

त्यानं पट्टी घेतली. कुंकू फडक्यानं पुसलं. खाचेत धरून पाहिली. ती जागेवर बसली.

“हीच.”

“कोनी चोरली नाई. नवमीपासून आमच्या देवाजोळ होती. याईनंच रिव्हॉल्व्हर उघडलं, याईनंच लावलं, आन हे परातीत राह्यलं. म्या म्हनलं, उघडून पाहा. याईनं पाह्यलं नाई.” त्यांचा श्वास लागला होता, पण त्या थांबल्या नाहीत. “दसऱ्याच्या दिवशी रिव्हॉल्व्हर खुंटीवर नोतं. याईच्या कमरेले होतं. पाव्हन्याले दाखवताना याईच्या हातातून पडलं. इंद्रभान पायरीवर चढला बी नोता. त्याले याईनंच संध्याकाळी ये म्हनलं होतं. मी तठीच होती. याईले ओवाळून राह्यली होती.”

आर्मोरर खाली बघून पट्टी फडक्यात गुंडाळायला लागला. अर्जुनरावांचा चेहरा अगदी पडला होता. त्यांना दात आवळून एवढंच बोलता आलं, “आत जाय.”

“जाईन. आंधी लिवून घ्या म्हना.”

जमादारांनी घसा साफ केला. “हो बाई, लिहितो, लिहितो. तुम्ही जा आत. चहाचं तेवढं बघा.”

आणि त्यांनी लिहिलं. काय लिहिलं ते ऐका. घरमालकाचे रिव्हॉल्व्हर खुंटीवरून आपोआप निसटून खाली पडले, आतील एक भाग अनवधानाने बसवायचा राहिल्यामुळे गोळी सुटली, व अंगणातील इसमास इजा झाली. कुणाविरुद्ध तक्रार नाही. म्हणजे गुन्हा कुणाचा, तर खुंटीचा! अर्जुनरावांची कमर त्यात नव्हती, माणिकराव नव्हते, जीप नव्हती. सत्यभामाबाई तर नव्हत्याच. बाईमाणसाचं बोलणं घरातल्या घरात असतं, ते कागदावर कशाला, असं जमादार जाताना अर्जुनरावांना म्हणाले आणि दोघं मिळून हसले.

एवढं मात्र झालं, की चोर म्हणून इंद्रभानचं नाव लिहिलं गेलं नाही. दवाखान्यातला शिपाई स्टुलावरून उठला आणि परत गेला.

त्या दिवसापासून अर्जुनराव बायकोच्या हातचं जेवेनात. दुकानात खाणावळीचा डबा मागवायचे. घरी आले की भिंतीशी बोलल्यासारखं बोलायचे. “माह्याच घरात राहून माह्याच गळ्याले फास! लोक काय म्हनतील?”

“लोकाईले आधीच माहीत आहे,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “सारं गाव होतं तठी. फक्त बोल्लं कोनी नाई.”

“माहेरी जाय. तठी बोलत बस.”

माहेरी जायचं त्यांच्या मनात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाकरी थापल्या, वांग्याची भाजी फडक्यात बांधली आणि एकट्याच एस.टी.त बसल्या. एकट्यानं त्या कधी मेहकरपर्यंतही गेल्या नव्हत्या. गाडी मेहकरवरून बुलढाण्याला आली. विचारत विचारत त्या सरकारी दवाखान्यात पोचल्या.

इंद्रभान कोपऱ्यातल्या खाटेवर होता. सत्यभामाबाई दिसताच तो कोपरावर उठायला लागला.

“झोप, झोप,” त्या म्हणाल्या आणि भाकरीचं गाठोडं खाटेच्या कडेला ठेवलं. त्यांची नजर चादरीकडे गेली. चादर एका बाजूला लवकर सपाट होत होती. त्यांनी नजर काढून घेतली.

बनाबाई खाली फरशीवर बसली होती. तिनं गाठोड्याला हात लावला नाही.

“शिपाई सांगून गेला,” ती म्हणाली. “तुमी आनून देल्ली म्हने पट्टी.”

“हाव.”

“तुमच्या देवाजोळ होती म्हने. म्हंजे नवमीलेच तुमाले दिसली होती.”

सत्यभामाबाईंनी मान हलवली.

“मंग काऊन गप राह्यल्या?”

आवाज मोठा नव्हता, पण शेजारच्या खाटेवरचा म्हातारा इकडे वळला.

“म्या म्हनलं होतं त्याईले, उघडून पाहा. ते म्हनले, जास्तीची आहे. मले वाटलं, त्याईले समजत असंल.”

“आमाले बी तसंच वाटते. मालक आहे म्हंजे समजत असंल. असं वाटूवाटूच पाय गेला याईचा.”

“बना, गप,” इंद्रभान म्हणाला. “बाई बोल्ल्या म्हनून शिपाई उठला अठून. नाई तं चोर झालो असतो मी.”

“शिपाई उठला. पाय उगवला काय?” बनाबाईचे डोळे भरले, आणि ते भरले याचाच तिला जास्त राग आला. तिनं ते मनगटानं खसकन पुसले. “नीळ घालून धोतर धुतलं होतं म्या. वंदनेची सुट्टी देल्ली असती सकायीच, तं काय बिघडलं असतं त्याईचं? आता मले सांगा, कोनाच्या हातून लागलं हे? कागदावर खुंटी लिवली म्हने. खुंटीले जाब विचारू काय मी?”

बनाबाईचा राग चुकीचा आहे असं सत्यभामाबाईंना एकदाही वाटलं नाही. आपण केलं ते उशिरा केलं, आणि केलं त्यातलंही जमादारानं निम्मं पुसून टाकलं, हे त्यांना ठाऊक होतं. या बाईनं आपले उपकार मानावेत, अशी त्यांची अपेक्षाही नव्हती. पण भाकरीच्या गाठोड्याची मात्र त्यांना आता लाज वाटायला लागली.

तेवढ्यात नर्स आली. तिच्या हातात पांढरा ट्रे होता, त्यात बँडेज आणि चिमटे होते. उंच, पोक्त, भरभर चालणारी बाई. वॉर्डात गर्दी दिसली की तिचं डोकं फिरायचं.

“पेशंटपाशी एकच माणूस म्हणून किती वेळा सांगायचं? ही बायको ना यांची?” तिनं बनाबाईकडे बोट केलं आणि मग सत्यभामाबाईंच्या जरीच्या काठाकडे, हातातल्या पाटल्यांकडे पाहिलं. “आणि तुम्ही कोण यांच्या?”

वॉर्डातल्या लोकांनी माना वळवल्या. मालकीण म्हटलं असतं तर कुणी स्टूल आणून दिलं असतं, गाववाली म्हटलं असतं तर नर्सनं बाहेर काढलं असतं. दोन्ही सोपं होतं. सत्यभामाबाई उभ्या राहिल्या. जमादारांनी कागदावर न घेतलेलं वाक्य त्यांनी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हटलं.

“याईले माह्या नवऱ्याच्या हातून गोयी लागली. अर्जुनरावाच्या. डोनगावच्या. मी त्याईची बायको.”

नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात पहिल्यांदा घेतलं होतं.

इंद्रभाननं डोळे मिटून घेतले. बनाबाई वर बघत राहिली, तिचं तोंड किंचित उघडं होतं. नर्सनं सत्यभामाबाईंना एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि ट्रे खाटेवर ठेवला.

“बरं,” ती म्हणाली. “मग पाय धरा वर. ड्रेसिंग करायचंय.”

“नोको, बाई,” इंद्रभान घाबरून म्हणाला. “तुमी नोको. बना धरते.”

बनाबाई उठली. ती पुढं येईल असं सत्यभामाबाईंना वाटलं. पण तिनं चादर तेवढी बाजूला केली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

“धरू द्या त्याईले,” ती म्हणाली.

सत्यभामाबाईंनी पाटल्या कोपरापर्यंत वर सारल्या, पदर खोचला आणि दोन्ही हात खाली घातले. इंद्रभाननं ओठ आवळले. त्यांनी पाय उचलून धरला. तो त्यांना वाटला होता त्यापेक्षा हलका लागला.